बदामाएवढा कारभारी आणि एप्रिलचे ऊन



मागच्या जयंतीची गोष्ट. सकाळी निघालेली रॅली दुपारचा एक वाजून गेला तरी रस्त्यावरच होती. आमच्या वस्तीतली एक मावशी, वय पन्नाशीच्या आसपास, चालता चालता रस्त्याच्या कडेला बसली. पांढरी साडी, डोक्यावर पदर, पायात साधी चप्पल. कुणीतरी नाव विचारले तर भलतेच काहीतरी बोलू लागली. एका ताईने कपाळाला हात लावला, तर अंग तव्यासारखे तापलेले. "ताप भरलाय," असे म्हणून पर्समधली तापाची गोळी दिली, घोटभर पाणी पाजले आणि अंगावर शाल टाकली. हे सगळे मायेनेच केले. अर्ध्या तासाने आम्हाला हाक आली. "सिस्टर, गोळी देऊन बसलो, पण ताप उतरायचे नाव नाही."

काखेत थर्मामीटर लावला तर १०५. आम्ही शाल काढली, मावशीला एका दुकानाच्या सावलीत आडवे केले, शेजारच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणि पाण्याच्या दोन बादल्या घेतल्या आणि सगळे पाणी अंगावर ओतले. पोरांनी बॅनरचे कापड धरून वारा घातला. १०८ ची गाडी येईपर्यंत मावशीने डोळे उघडले होते. चौथ्या दिवशी ती घरी आली.

गोळी देणारी ताई नंतर कितीतरी दिवस विचारत होती, ताप होता तर तापाची गोळी का लागू पडली नाही? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचे उत्तर पोटात नाही, रक्तातही नाही. ते मेंदूच्या तळाशी, बदामाएवढ्या एका जागेत आहे. तिचे नाव हायपोथॅलॅमस.

नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना 'हायपोथॅलॅमसची कार्ये लिहा' हा प्रश्न ठरलेला असायचा. आम्ही तो घोकला, गुण मिळवले आणि विसरलो. पुढे वॉर्डात आणि त्याहून जास्त वस्तीत काम करताना कळले, की आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचा धागा कुठेतरी या जागेशी जाऊन मिळतो.

ती जागा नेमकी कुठे? नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधोमध बोट ठेवा. तिथून सरळ मागे, डोक्याच्या जवळजवळ मध्यापर्यंत गेलो, की कवटीच्या तळाच्या हाडात घोड्याच्या खोगिरासारखा एक खोलगट भाग लागतो. त्या खोगिरात वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिला पियुषिका म्हणतात. तिच्या वर एक बारीक देठ आणि देठाच्या वर हायपोथॅलॅमस. त्याच्याही वर थॅलॅमस नावाचा मोठा भाग असतो. हायपो म्हणजे खाली, म्हणून हे नाव. मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेली एक अरुंद फट असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींचा खालचा भाग आणि तळ म्हणजेच हायपोथॅलॅमस. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत शिरताना त्याच्या अगदी पुढे एकमेकींना ओलांडतात. त्यामुळे पिट्युटरीला गाठ झाली, तर कधी कधी रुग्णाची पहिली तक्रार डोकेदुखीची नसते. "बाजूने येणारी गाडी दिसत नाही," अशी असते. असे कुणी म्हटले तर चष्म्याच्या दुकानात नेऊन थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

मोठ्या माणसाचा मेंदू भरतो साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. त्यातले हायपोथॅलॅमसचे वजन जेमतेम चार ग्रॅम. पण अंगाची उष्णता, तहान, भूक, झोप-जागेचे वेळापत्रक, पाळी, आईचे दूध, संकटात लागणारे बळ या सगळ्याचा कारभार तिथून चालतो. आपल्याला न विचारता, चोवीस तास.

हुकूम सोडायच्या त्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट नसांची. नसांवरून निरोप जातो, की घाम सोडा, कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद करा, हृदयाचे ठोके वाढवा. दुसरी वाट संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची. दोन संप्रेरके हायपोथॅलॅमस स्वतः बनवतो आणि देठातून उतरणाऱ्या नसांमार्फत पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवतो. पुढच्या भागाला मात्र तो रक्तातून चिठ्ठ्या पाठवतो. देठावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून अगदी कणभर रसायन खाली जाते आणि पिट्युटरी त्याप्रमाणे थायरॉइडला, अंडाशयाला, मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कामाला लावते. या चिठ्ठ्या इतक्या सूक्ष्म, की त्या शोधायला शास्त्रज्ञांना खाटीकखान्यांतून लाखो जनावरांचे मेंदू गोळा करावे लागले. रॉजर गिलमां यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे मेंदू वापरले. दोघांत मोठी चुरस होती. १९६९ मध्ये पहिल्या चिठ्ठीची रचना उलगडली आणि १९७७ चे नोबेल दोघांना मिळाले. त्याच नोबेलचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो या बाईंचा होता. रक्तातले इतके सूक्ष्म संप्रेरक मोजायची रीत त्यांनी शोधली. आज आपण थायरॉइडची रक्ततपासणी करतो, तिची वाट त्यांनी घालून दिली. पोरींना ही नावे सांगत जा.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येऊ.

हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात उष्णता ओळखणाऱ्या पेशी आहेत. तिथून वाहणारे रक्त किती गरम आहे ते त्या पाहतात आणि कातडीकडून येणाऱ्या बातम्याही ऐकतात. त्यांनी एक आकडा धरून ठेवलेला असतो, साधारण ९८.६ फॅरनहाइट, म्हणजे ३७ सेल्सिअस. अंग त्याच्या वर गेले की घाम, खाली गेले की थरथर.

ताप येतो तेव्हा काय होते? मलेरिया म्हणा, घशाचा संसर्ग म्हणा, जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात काही रसायने सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते आणि तो धरलेला आकडाच वर सरकतो. समजा १०२ झाला. आता अंग ९९ वर असले तरी त्याच्या हिशेबाने ते थंड पडले आहे. म्हणून हुडहुडी भरते, दात वाजतात, दोन गोधड्या अंगावर घ्याव्याशा वाटतात. अंग १०२ ला पोचले की थंडी थांबते. पॅरासिटामॉलची गोळी हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते. आकडा पुन्हा खाली येतो, शरीराला कळते की आपण फार तापलो आहोत, आणि दरदरून घाम सुटून ताप उतरतो. म्हणजे गोळी अंग थंड करत नाही. ती फक्त आकडा खाली आणते, थंड करण्याचे काम शरीर स्वतः करते.

उष्माघातात आकडा हललेलाच नसतो. मावशीच्या हायपोथॅलॅमसने ९८.६ च धरलेले होते. घाम सोडा, रक्त कातडीकडे पाठवा, असे हुकूम तो सकाळपासून सोडतच होता. पण घामाला पाणी उरले नव्हते, सावली नव्हती, आणि उन्हातून व चालण्यातून येणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेहून जास्त होती. अंग १०४ च्या पुढे गेले की मेंदूच्या पेशीच बिघडू लागतात. बडबड, भ्रम, झटके, बेशुद्धी ही लक्षणे त्यातून येतात. मग खुद्द कारभाऱ्याचेही भान सुटते. अशा वेळी गोळी काय खाली आणणार? आकडा खालीच आहे. उलट तापलेल्या यकृतावर गोळीचा भार पडतो. आणि शाल तर उष्णता कोंडून ठेवते.

म्हणून एप्रिल-मे महिन्यात उन्हातून आलेल्या माणसाचे अंग खूप तापलेले असेल आणि तो असंबद्ध बोलत असेल, तर गोळी शोधण्यात वेळ घालवू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा किंवा काढा, भरपूर पाणी ओता, जोराने वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ कापडात गुंडाळून लावा. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी पाणी ओतणे थांबवू नये. गाडीत घातल्यावरही थंड करणे चालू ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. आणि कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, ही समजूत सोडा. काम करता करता किंवा चालता चालता ज्याला ऊन लागते, त्याला घाम येतच असतो. बोलणे बिघडले आहे का, ते पाहा.

विदर्भात खिशात कांदा ठेवायची पद्धत आहे. खिशातला कांदा काहीच करत नाही. जेवणात खाल्ला तर चांगलाच आहे.

दमट हवेचा धोका वेगळा. घाम गळून पडला म्हणजे अंग थंड होत नाही, तो कातडीवरून उडून जावा लागतो. एक लिटर घाम उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. समुद्राजवळच्या दमट हवेत तो उडतच नाही, नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर सरकारी पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक तासन् तास उन्हात बसले होते. १४ जणांचा जीव गेला. ते सगळे श्रद्धेने आलेले साधे लोक होते. चंद्रपूर-नागपूरसारखे पंचेचाळीस अंशांचे ऊन नसतानाही माणसे मरतात, एवढे त्या दिवसाने दाखवून दिले.

घामाला पाणी लागते आणि पाण्याचा हिशेबही हायपोथॅलॅमसच ठेवतो. रक्तातले मीठ एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले, तरी तिथल्या पेशींना कळते. त्या दोन कामे करतात. तहान लावतात, आणि व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना सांगतात, पाणी वाचवा. लघवी गडद पिवळी होते ती त्यामुळे. दारू हे संप्रेरक दाबून टाकते. म्हणून पिणारा माणूस वारंवार लघवीला जातो आणि उन्हात लवकर कोसळतो. मिरवणुकीत नाचणाऱ्या काही पोरांना हे एकदा स्पष्ट सांगायचेच होते. म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते. आजोबा "तहान नाही" म्हणाले तरी त्यांच्या हातात तांब्या द्या.

तहान लागूनही जी पाणी पीत नाही, तिचे काय? ठिय्यावरून कामाला जाणाऱ्या आमच्या रेजा, रस्ते झाडणाऱ्या बाया, भाजी विकणाऱ्या आज्या, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलीस पोरीसुद्धा. यातल्या कुणालाही विचारा, सकाळपासून किती पाणी प्यायलात? "कशाला प्यायचं सिस्टर, जायचं कुठं?" हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की आता प्रश्न विचारतानाच ते कानात वाजते. बांधकामावर संडास नाही, बाजारात मुतारी आहे ती पुरुषांची. हायपोथॅलॅमस तहान लावतो, बाई ती गिळते. त्याच्या हुकुमाची तामील करायला पाणी, सावली आणि आडोसा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी शरीराबाहेरच्या आहेत. लघवीची जळजळ, मुतखडा, चक्कर अशा तक्रारी घेऊन या बाया येतात. आम्ही ओआरएसची पाकिटे देतो आणि मुकादमाशी संडासासाठी भांडतो. दुसऱ्या औषधाचा गुण जास्त येतो.

पाळीचेही असेच. हायपोथॅलॅमस साधारण तास-दीड तासाने एक चिठ्ठी पिट्युटरीकडे पाठवतो, तिच्यावर पुढे अंडाशयाचे काम चालते. शरीरात खर्च जास्त आणि जमा कमी झाली, किंवा मनावर मोठा ताण आला, की तो या चिठ्ठ्या कमी करतो. आत्ता गर्भ पोसायची ऐपत नाही, असा त्याचा हिशेब. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुली आमच्याकडे येतात. दोन चहा आणि एक जेवण यावर दिवस काढतात, आणि चार-चार महिने पाळी नाही. एका मुलीला घरच्यांनी बाहेरची बाधा म्हणून देवऋष्याकडे नेले होते. आपल्या घरांत अजून हे होते, लपवण्यात अर्थ नाही. आधी गरोदरपण, थायरॉइड, क्षयरोग अशी कारणे डॉक्टरांनी तपासावीत. त्यातले काही नसेल, तर पुष्कळदा भाकरी, डाळ, अंडी, शेंगदाणे आणि धावण्यातून थोडी विश्रांती एवढ्यावर पाळी परत येते. त्या मुलीचीही आली, पण तिला तीन महिने लागले.

बाळंतिणीच्या दुधाचे सांगायचे तर, बाळ स्तन ओढू लागले की निरोप नसांमधून हायपोथॅलॅमसला जातो आणि ऑक्सिटोसिन सुटते. त्याने दुधाच्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध बाहेर येते. हेच संप्रेरक प्रसूतीत गर्भाशय आवळते. दवाखान्यात बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबावा म्हणून आम्ही जे इंजेक्शन देतो, ते याचेच. दुखणे, भीती, अपमान यांनी ऑक्सिटोसिन अडते. पाळण्याजवळ बसून "हिला दूधच नाही" असे दिवसातून दहा वेळा म्हणणाऱ्या सासूबाईंना आम्ही हात जोडून एवढेच सांगतो, आई, दुसऱ्या खोलीत बसा आणि तिला पेज करून द्या.

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर अचानक कानशिले गरम होतात, घाम फुटतो, पाच मिनिटांत अंग गार. पाळी जाताना स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने हायपोथॅलॅमसची उष्णतेची मर्यादा फार अरुंद होते. जरासे अंग तापले तरी तो घाम सोडायला धावतो. आम्हालाही होते. वेड लागत नाही, तापही नसतो. फार त्रास असेल तर उपचार आहेत, लाजू नका.

झोप-जागेचे घड्याळ डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असते आणि ते उजेडावर लावले जाते. रात्रपाळीच्या पंधरा वर्षांनंतर त्याबद्दल आमच्याइतके कुणाला ठाऊक असणार, पण त्यावर पुन्हा कधी.

एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. गुडघेदुखीवर, दम्यावर वस्तीत पुड्या मिळतात. बिननावाच्या, कागदात बांधलेल्या. दोन दिवसांत आराम पडतो, भूक वाढते, तोंड गोल होते. अशा कित्येक पुड्यांत स्टेरॉइड असते. संकटात लागणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीर हायपोथॅलॅमसच्या हुकुमावरून बनवते. ते बाहेरूनच मिळू लागले की तो हुकूम सोडायचे बंद करतो आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुस्तावतात. मग एक दिवस पैसे संपले म्हणून पुडी बंद. पाठोपाठ उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब खाली, आणि वेळेत कळले नाही तर मृत्यू. त्यामुळे पुडी महिनोन् महिने घेत असाल तर आजच फेकूनही देऊ नका. ती पुडी हातात घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि किती दिवस घेतली ते खरे सांगा. डॉक्टर हळूहळू कमी करतील. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेल्या स्टेरॉइडलाही हाच नियम लागू आहे.

आता यंदाच्या जयंतीचे. आम्ही मंडळाच्या बैठकीत मागितले ते असे. रॅली सकाळी दहाच्या आत संपवावी, मोठी मिरवणूक संध्याकाळी काढावी. यावर तासभर वाद झाला, शेवटी साडेदहावर तडजोड झाली. वाटेत तीन ठिकाणी पाण्याचे माठ आणि प्रत्येक माठाजवळ बायांना जाता येईल असा एक संडास. आधीच घरवाल्यांना विचारून ठेवला की कुणी नाही म्हणत नाही. साखरेचे पाकीटबंद सरबत वाटण्यापेक्षा ताक किंवा पन्हे मीठ घालून द्यावे. ओआरएसची पाकिटे नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मनाच्या आजाराच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ऊन लवकर बाधते. त्यांनी गोळ्या बंद करायच्या नाहीत, सावलीच्या बाजूने चालायचे. लेझीम पथकाच्या पोरांना दर वीस मिनिटांनी थांबा आणि पाणी. तान्ही बाळे घरीच.

आणि स्वयंसेवकांच्या यादीत १०८ च्या खाली वाटेवरच्या रसवंतीवाल्याचा मोबाईल नंबर लिहून ठेवा. मागच्या वेळी त्याने बर्फाचे पैसे घेतले नव्हते.